अपग्रेड झाला आणि डिस्क एरर देऊ लागली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार, म्हणजे बनवणाऱ्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, ३० जून २०२४ ला संपला. उबंटू २०.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा नेहमीचा आधार २०२५ च्या मे महिन्यात संपला. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्था, लॅब, कारखाने यांनी आपापले सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेले आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पत्रे हार्ड डिस्कच्या तक्रारी घेऊन आली. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. आज्ञा देवनागरीत छापल्या असल्या तरी टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच कराव्यात. वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे छोटी.

प्रश्न : आमच्या सौहार्द संस्थेच्या सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर रेड १ मध्ये आहेत (दोन्हींवर तोच मजकूर). लिनक्समध्ये त्यांची नावे एसडीए आणि एसडीबी. उबंटू २०.०४ वरून २२.०४ केले, त्याच वेळी कॅबिनेट उघडून धूळ काढली आणि रॅम वाढवली. दुसऱ्या दिवसापासून लॉगमध्ये ‘फेल्ड कमांड : रीड एफपीडीएमए क्यूड’ आणि ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ या ओळी भरून येतात. एसडीबी डिस्क मिररमधून बाहेर पडली आहे. एसडीबीच्या ओळींपुढे ‘आयसीआरसी’ असे येते, एसडीएच्या एक-दोन ओळींपुढे ‘यूएनसी’. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो हिशोब ठेवते त्याच्या, तक्त्यात एसडीबीचा १९९ क्रमांकाचा आकडा १४१२ आहे, बाकी शून्य. एसडीएचे १९७ आणि १९८ दोन्ही ८ दाखवतात. सर्व्हिसवाले म्हणतात, एसडीबी बदला. बदलावी का?
— संगणक विभाग, निपाणी

उत्तर : थांबा, एसडीबी काढू नका. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून बाहेर पडलेली डिस्क धडधाकट दिसते. आजारी आहे ती चालू असलेली एसडीए. आता एसडीबी काढून नवी डिस्क घातली, तर नव्या डिस्कवरची प्रत्येक गोष्ट एसडीएवरून वाचावी लागेल आणि एसडीएला काही सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे छोटे कप्पे) वाचताच येत नाहीत.

हे कशावरून, ते सांगतो. ‘यूएनसी’ म्हणजे डिस्कच्या तबकडीवरचा मजकूर डिस्कला स्वतःलाच वाचता आला नाही. दोष डिस्कच्या पोटात. ‘आयसीआरसी’ म्हणजे डिस्कने मजकूर नीट वाचला, पण केबलमधून जाताना तो बिघडला. दोष केबल, कनेक्टर, पोर्ट किंवा वीजपुरवठ्यात. स्मार्टचा तक्ताही तेच सांगतो. १९९ हा केबलवरच्या चुकांचा हिशोब. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले, ५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले. १९७ चा आकडा नेमका ८ असणे हेही नेहमीचे : आजच्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण तो ५१२ चे आठ तुकडे म्हणून मोजला जातो. म्हणजे तुमचा एक खरा सेक्टर गेला आहे. (काही कंपन्यांच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ पुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते आकडे वेगळ्या पद्धतीने बांधलेले असतात, त्यांना घाबरून डिस्क फेकू नये.)

मग अपग्रेडनंतरच हे का उपटले? अपग्रेड हजारो फायली वाचतो आणि लिहितो, त्यात वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेले सेक्टरही वाचले जातात. एसडीएचा खराब सेक्टर आधीपासूनच असणार, कळला आत्ता. एसडीबीचे कारण तर तुमच्या पत्रातच आहे. रॅम बसवताना साटा केबल दाबली किंवा हलली.

आता क्रमाने. सगळ्यात आधी बॅकअप, तोही सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर. खातेदारांचा डेटाबेस आधी डम्प करून घ्या, मग बाकीच्या फायली. फायलींची नक्कल काढताना एखादी फाइल अडकली तर तिचे नाव लिहून ठेवा आणि पुढे जा.

मग सर्व्हर बंद करून एसडीबीची केबल बदला. खटका असलेली, एक मीटरच्या आतली केबल घ्या. काटकोनात दुमडलेली किंवा इतर तारांबरोबर करकचून बांधलेली नको. जमल्यास मदरबोर्डवरचे पोर्टही बदला. डिस्क ओळखताना एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, केबल हलवली की ती अदलाबदल होऊ शकतात. डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ ला नाव, आकार, मॉडेल आणि सिरियल हे स्तंभ मागा आणि सिरियलचे शेवटचे चार अंक डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. त्या चार अंकांची चिठ्ठी डिस्कच्या पुढच्या कडेला चिकटवून ठेवली, तर पुढच्या वेळी रात्री अकरा वाजता कुणाला चुकीची डिस्क ओढायची वेळ येणार नाही.

सर्व्हर चालू झाला की १९९ चा आकडा पुन्हा पाहा. तो १४१२ वरून खाली येणार नाही, तो कधीच येत नसतो. पाहायचे ते इतकेच, की तो वाढायचा थांबला का. तासभर भरपूर वाचन करवूनही तो हलला नाही तर केबलचे निदान बरोबर.

आता एसडीबी परत मिररमध्ये घ्यायची. मिररची स्थिती दाखवणारी ‘/प्रोक/एमडीस्टॅट’ ही फाइल पाहा. त्यात ‘बिटमॅप’ अशी ओळ असेल (बिटमॅप म्हणजे काय बदलले त्याची नोंद. १०० जीबीपेक्षा मोठ्या अॅरेला, म्हणजे डिस्कच्या गटाला, मिरर सांभाळणारी ‘एमडीएडीएम’ ही आज्ञा तो सहसा आपोआप जोडते), तर ‘री-अॅड’ पर्याय वापरा. मग एसडीबी बाहेर असताना जेवढे बदलले तेवढेच तिच्यावर लिहिले जाते, काम मिनिटांत होते. यात खरा फायदा वेगळाच आहे : एसडीएवर न वाचता येणाऱ्या सेक्टरची जुनी, शाबूत प्रत एसडीबीवर तशीच राहते. म्हणूनच घाईने ‘झीरो-सुपरब्लॉक’ करून (म्हणजे डिस्कवरची मिररची खूण पुसून) साधे ‘अॅड’ करू नका. त्यात संपूर्ण ४ टीबी एसडीएवरून नव्याने वाचले जाते आणि ती शाबूत प्रत तुम्ही आपल्या हाताने पुसता.

मिरर पूर्ण झाला, म्हणजे ‘यू’ आणि त्यापुढे रेघ जाऊन दोन ‘यू’ दिसले, की अॅरेच्या ‘सिंक_अॅक्शन’ या फाइलमध्ये ‘चेक’ लिहा. यात दोन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात. एसडीएचा सेक्टर वाचला गेला नाही की कर्नल (लिनक्सचा गाभा) तोच मजकूर एसडीबीवरून घेऊन एसडीएवर पुन्हा लिहितो, गरज पडल्यास डिस्क त्याला राखीव जागा देते, १९७ शून्यावर येतो आणि ५ चा आकडा वाढू शकतो. सेकंदाला १२० एमबी धरले तर ४ टीबीला सव्वानऊ तास लागतात. कामकाज चालू असताना याच्या दुप्पटही लागतील. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर सुरू करा.

एसडीए तरीही बदलायचीच. एकदा सेक्टर जाऊ लागलेल्या डिस्कवर लोकांच्या ठेवींचा हिशोब ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ती उपटून नाही. तिसऱ्या पोर्टला नवी डिस्क जोडा, तिच्यावर तसेच पार्टिशन करा, ‘अॅड’ करा आणि मग ‘एमडीएडीएम’ च्या ‘रिप्लेस’ पर्यायात जुनी आणि ‘विथ’ पुढे नवी डिस्क द्या. नवी पूर्ण भरेपर्यंत जुनी मिररमध्येच राहते, त्यामुळे एक क्षणही तुम्ही एका डिस्कवर नसता. पार्टिशनचा तक्ता ‘एसजीडिस्क’ ने उतरवत असाल तर सावध : मोठ्या ‘आर’ च्या पर्यायापुढे नवी डिस्क येते आणि सगळ्यात शेवटी जुनी. उलट झाले तर जुन्या डिस्कचा तक्ता कोरा होतो. उतरवल्यावर मोठ्या ‘जी’ ने नवे ओळखक्रमांक द्या आणि नव्या डिस्कवर ग्रबही (सर्व्हर सुरू करणारा प्रोग्राम) बसवा, नाहीतर दुसरी डिस्क बंद पडेल त्या दिवशी सर्व्हर बूटच होणार नाही.

नवी डिस्क विकत घेताना आणखी एक पाहा. साध्या डेस्कटॉपच्या डिस्क वाचता न येणाऱ्या सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटे झटत राहतात. कर्नल मात्र ३० सेकंदांत कंटाळतो, लिंक रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी सगळी डिस्क मिररमधून जाते. ‘स्मार्टसीटीएल’ ला छोटा ‘एल’ देऊन ‘एससीटीईआरसी’ (वाचता न येणाऱ्या सेक्टरवर डिस्क किती वेळ झटेल ती मर्यादा) विचारा. डिस्क मानत असेल तर ७०,७० द्या, म्हणजे सात सेकंद (आकडा दशांश सेकंदात असतो). मानत नसेल तर ‘/सिस/ब्लॉक’ खाली त्या डिस्कच्या ‘डिव्हाइस/टाइमआउट’ मध्ये १८० लिहा. दोन्ही गोष्टी बंद-चालू केल्यावर विसरल्या जातात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा. शिंगल्ड म्हणजे एसएमआर प्रकारची डिस्क रेडसाठी घेऊ नका. सलग मोठे लेखन आले की ती इतकी मंदावते की रेडला ती मेल्यासारखी वाटते.

केबल बदलूनही ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ येत राहिले, आणि तेही रात्री सर्व्हर निवांत असताना, तर नव्या कर्नलच्या वीज वाचवण्याच्या धोरणावर संशय घ्या. काही डिस्क आणि काही चिपसेट यांचे त्या बाबतीत जमत नाही. ‘/सिस/क्लास/स्कझी_होस्ट’ खालच्या ‘लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी’ मध्ये ‘मॅक्स_परफॉर्मन्स’ लिहून दोन दिवस पाहा. फरक पडला तर ते कायम करण्यासाठी कर्नलच्या पर्यायांत ‘एएचसीआय.मोबाइल_एलपीएम_पॉलिसी=१’ घाला. उपयोग झाला नाही तरच ‘क्यू_डेप्थ’ (डिस्कला एका वेळी दिल्या जाणाऱ्या कामांची संख्या) १ करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलले तर बरे कशाने वाटले ते कळणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे सेंटओएस ७ होते, अल्मालिनक्स ८ टाकले. आता रेड कार्डाला जोडलेल्या चारही डिस्क दिसत नाहीत. बूट होताना कार्डाच्या स्क्रीनवर मात्र त्या दिसतात. कार्ड गेले का?
— फाउंड्री युनिट, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : बूटच्या वेळी डिस्क दिसतात म्हणजे कार्ड जिवंत आहे. रेड हॅट ८ या लिनक्सच्या पिढीत जुन्या साठवण-कार्डांचे बरेच ड्रायव्हर किंवा ओळखक्रमांक काढून टाकले गेले आणि अल्मा, रॉकी या प्रणाली त्याच मुळावर बांधलेल्या आहेत. कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ ला दोनदा ‘एन’ देऊन कार्डाचा क्रमांक पाहा. १०००:००७२ आला तर ते एसएएस २००८ कुटुंबातले कार्ड, काढलेल्या यादीत ते आहे. अशा कार्डांसाठी ईएलरेपो नावाच्या भांडारात ‘केमॉड-एमपीटी३एसएएस’ आणि ‘केमॉड-मेगारेड_एसएएस’ हे ड्रायव्हर मिळतात. प्रणाली याच कार्डावरच्या डिस्कवर असेल, तर इन्स्टॉल करतानाच ‘इन्स्ट.डीडी’ पर्यायाने ड्रायव्हर डिस्क द्यावी लागते. प्रणाली वेगळ्या एसएसडीवर असेल तर काम सोपे : केमॉड बसवा, रीबूट करा.

या काळात कार्डाच्या मेनूत काहीही ‘क्रिएट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ करू नका. ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा संदेश आला तर ‘इम्पोर्ट’ निवडायचे, ‘क्लिअर’ नाही. डिस्कवरचा मजकूर अजून जसाच्या तसा आहे, तो जाईल तो या मेनूतल्या एका एंटरने.

तुमचे युनिट ओतकामाचे, म्हणून वेगळे सांगतो. हवेतली लोखंडाची बारीक भुकटी वीज वाहते. ती कार्डाच्या आणि बॅकप्लेनच्या (डिस्क जिथे खोचतात त्या पाटीच्या) सोन्याच्या पट्ट्यांवर बसली की ड्रायव्हर बरोबर असूनही डिस्क अधूनमधून गायब होतात. कार्ड काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने ते गरगर फिरले तर बेअरिंग खराब होते. आणि सर्व्हर शॉप फ्लोअरवरून ऑफिसच्या खोलीत हलवा, ते सगळ्या उपायांपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : अपग्रेडबरोबर एक जादा डिस्क लावली. आता सर्व्हर ‘इमर्जन्सी मोड’ मध्ये अडकतो.
— कनिष्ठ महाविद्यालय, खानापूर

उत्तर : कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये ‘/डेव्ह/एसडीबी१’ अशी नावे लिहिलेली असणार. नवी डिस्क आल्यावर जुनी एसडीबी आता एसडीसी झाली. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, ‘बीएलकेआयडी’ ने प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) घ्या आणि नावाच्या जागी तो लिहा. जी डिस्क नसली तरी सर्व्हर चालायला हवा, तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ जोडा. रीबूट करण्याआधी ‘फाइंडएमएनटी’ ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन चाचणी घ्या, एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तिथेच कळेल. अॅरेचे नाव ‘एमडी०’ ऐवजी ‘एमडी१२७’ दिसत असेल तर अॅरेची नोंद ‘एमडीएडीएम.कॉन्फ’ मध्ये घालून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ला छोटा ‘यू’ द्या.

प्रश्न : लॅबच्या सर्व्हरला एकच १ टीबी डिस्क आहे. अपग्रेड मध्येच थांबला, ‘इनपुट/आउटपुट एरर’ आला आणि फाइलसिस्टम रीड-ओन्ली झाली. आता एफएससीके प्रत्येक ओळीला ‘वाय’ विचारते. सगळ्याला ‘वाय’ देऊ का?
— पॅथॉलॉजी लॅब, चिकोडी

उत्तर : नाही, एकदाही नाही. एफएससीके फाइलसिस्टमच्या नोंदी दुरुस्त करते, डिस्क दुरुस्त करत नाही. वाचता न येणाऱ्या नोंदी ती रद्द समजून त्यावर लिहीत सुटते. मरणाऱ्या डिस्कवर ती चालवली की जे रिपोर्ट वाचवता आले असते तेही जातात.

डिस्कमधून टक-टक असा ठराविक तालात आवाज येत असेल तर वीज काढा आणि पुढचे काही करू नका, तो डिस्कमधले वाचणारे डोके आदळल्याचा आवाज असतो. अशी डिस्क पुण्या-बेंगळुरूच्या डेटा रिकव्हरी लॅबचेच काम. अँटिस्टॅटिक पिशवीत, चारही बाजूंनी दोन-दोन इंच फोम लावून पाठवा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपल्या पावसाळी दमट हवेत बाहेर काढताच आत दव धरते.

आवाज नसेल तर ‘डीडीरेस्क्यू’ ने पूर्ण डिस्कची प्रत काढा. दुसरी डिस्क २ टीबीची घ्या. १ टीबीची घेतली आणि ती काही सेक्टरांनी लहान निघाली तर शेवटचा भाग राहतो. सर्व्हर लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सने) बूट करा, म्हणजे आजारी डिस्क माउंट होणार नाही, वापरासाठी जोडली जाणार नाही. पहिली फेरी छोटा ‘डी’ आणि छोटा ‘एन’ देऊन : यात सोपे ते सगळे आधी उचलले जाते आणि अवघड जागा बाजूला ठेवल्या जातात. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून ‘आर३’ द्या, मग फक्त राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होतो. दोन्ही फेऱ्यांत शेवटी एकच मॅप फाइल द्या आणि ती तिसऱ्याच ठिकाणी, पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइट गेली तरी त्या फाइलमुळे काम थांबल्या जागेवरून सुरू होते. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग नवी. एंटर मारण्याआधी सिरियल क्रमांक मोठ्याने वाचून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

निरोगी डिस्कला याला तीनेक तास लागतात, खराब डिस्कला दोन दिवसही. घाई करू नका, वेग शून्यावर दिसला तरी चालू राहू द्या.

प्रत झाली की आजारी डिस्क काढून ठेवा आणि एफएससीके प्रतीवर चालवा. फाइलसिस्टम ईएक्सटी४ असेल तर आधी छोट्या ‘एन’ ने नुसते पाहा, मग ‘वाय’. एक्सएफएस असेल तर आधी एकदा माउंट करून लॉगमधली अर्धवट कामे पूर्ण होऊ द्या, मग अनमाउंट करून ‘एक्सएफएस_रिपेअर’. त्यातला मोठा ‘एल’ हा पर्याय लॉगच फेकून देतो, तो शेवटचा. फायली ‘लॉस्ट+फाउंड’ मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने सापडतील, ‘फाइल’ या आज्ञेने कोणती पीडीएफ आणि कोणती इमेज ते कळते. डेटाबेस मात्र एफएससीके पास झाला म्हणून ठीक आहे असे समजू नका. मारियाडीबी असेल तर ‘मायएसक्यूएलचेक’ चालवा, पूर्ण डम्प निघतो का पाहा आणि शेवटच्या आठवड्यातल्या दहा-वीस रुग्णांचे रिपोर्ट छापील प्रतीशी ताडून पाहा. आकडे माणसांच्या तब्येतीचे आहेत.

अर्धवट अपग्रेड दुरुस्त करत बसू नका. नव्या डिस्कवर प्रणाली स्वच्छ टाका आणि प्रतीवरून फक्त डेटा घ्या.

प्रश्न : जुन्या सर्व्हरला १२ टीबीची नवी डिस्क लावली, ती फिरतच नाही. दुकानात मात्र चालते.
— मिरची व्यापारी, संकेश्वर

उत्तर : मोठ्या एंटरप्राइझ डिस्कवर साटा वीज कनेक्टरची तिसरी पिन आता डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. जुना पॉवर सप्लाय त्या पिनवर ३.३ व्होल्ट देतो, म्हणून डिस्क झोपूनच राहते. केशरी तार नसलेल्या मोलेक्स-साटा कनेक्टरने वीज द्या किंवा डिस्कच्या तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी लावा. ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कनेक्टर टाळा, आत तारा एकमेकींना टेकून जळतात. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला घ्या.

प्रश्न : अपग्रेडनंतर दर वेळी लाइट गेली की दोन डिस्क एरर देतात. यूपीएस ६०० व्हीएचा आहे.
— कृषी सेवा केंद्र, अथणी

उत्तर : स्मार्टमध्ये १९२ पाहा. झटक्याने वीज गेल्यावर डोकी मागे घ्यावी लागली, त्याचा तो आकडा. लाइट गेल्यागणिक तो वाढत असेल तर यूपीएस सांभाळत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच देतो आणि एक डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर खेचते. रॅम आणि डिस्क वाढवल्या, यूपीएस तोच राहिला. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, तिला दोन-तीन वर्षे झाली असतील तर आधी तीच बदला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टीमीटरने २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कोरड्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी घालावे लागते. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवून बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप बंद होईल असे करा आणि एकदा दुपारी, काम नसताना, प्लग काढून ते खरेच होते का पाहा.